फ्रीजमध्ये पाच दिवस राहिलेल्या टेस्टट्यूब आणि लायसोसोम

[पडद्यावर: शाळेच्या वहीतली पेशीची आकृती, पेन्सिलनं काढलेली]

ही आकृती आपण सगळ्यांनी काढलीये. मधोमध केंद्रक, त्याच्या भोवती शेवयांसारखी पसरलेली आंतर्द्रव्यजालिका, आत घड्या असलेल्या लांबट तंतुकणिका, आणि मग जिथं जागा उरेल तिथं दोन-तीन गोल ठिपके. त्या ठिपक्यांना बाण काढून आपण लिहायचो 'लयकारिका', म्हणजे लायसोसोम, आणि एका मार्कासाठी पाठ करायचो की हिला 'आत्मघाती पिशवी' म्हणतात. बास, विषय संपला. तंतुकणिकेला ऊर्जाकेंद्र म्हणून मान मिळाला आणि हिच्या वाट्याला हे असलं नाव आलं. मला ते नाव अजिबात पटत नाही आणि का पटत नाही तेच आज सांगायचंय.

[पडद्यावर: सेंट्रिफ्यूज यंत्र फिरताना]

डिसेंबर १९४९, बेल्जियममधलं लुव्हेन शहर. क्रिस्तियन द ड्यूव नावाचा तिशीतला संशोधक इन्सुलिनच्या मागे लागलेला होता, इन्सुलिन यकृतात नेमकं काय करतं हे त्याला शोधायचं होतं आणि लायसोसोम हा शब्दसुद्धा तेव्हा जगात नव्हता. त्याची टीम उंदराचं यकृत हळुवार वाटून घ्यायची, पेशी फुटतील पण आतले भाग शाबूत राहतील इतपतच, आणि मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, म्हणजे जड भाग आधी तळाला बसतात, हलके नंतर, असे थर वेगळे करता येतात. हे तंत्र आल्बेर क्लोद यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत बसवलेलं.

तर एका एन्झाइमशी, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाशी, तुलना करायला म्हणून ते ॲसिड फॉस्फटेज नावाचं दुसरं एन्झाइमही मोजत होते, आणि ते भरलं अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश. बाकीचं गेलं कुठं? काहीतरी चुकलं असेल असं वाटून त्यांनी ते नमुने फ्रीजमध्ये ठेवून दिले. पाच दिवसांनी तेच नमुने परत मोजले तर एन्झाइम अपेक्षेइतकं पूर्ण हजर!

इथं त्यांनी 'पहिल्यांदा मोजताना चूक झाली असेल' म्हणून पुढं जायला काहीच हरकत नव्हती, कारण हा त्यांचा प्रश्नच नव्हता, त्यांना इन्सुलिनचं काम पुढं न्यायचं होतं. पण द ड्यूव थांबला. त्यानं विचार केला की एन्झाइम पहिल्या दिवशीही तिथंच होतं, फक्त कशाच्या तरी आत बंद होतं, आणि पाच दिवसांत ते आवरण फाटलं म्हणून ते बाहेर आलं. मला ह्या सगळ्या गोष्टीतला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. त्यानं काहीच डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, नुसत्या आकड्यांवरून पेशीतली एक बंद खोली ओळखली. पुढं तशीच वागणारी आणखी एन्झाइम्स सापडली, सगळी पचवणारी, सगळी आम्लात काम करणारी, आणि १९५५ साली त्यानं नाव दिलं लायसोसोम, म्हणजे विरघळवणारा पिंड. त्याच वर्षी अमेरिकेतून ॲलेक्स नोविकॉफ लुव्हेनला आले आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते ठिपके पहिल्यांदा दिसले. १९७४ चं नोबेल क्लोद, द ड्यूव आणि जॉर्ज पलाडे ह्या तिघांना मिळालं.

[पडद्यावर: लायसोसोमचं ॲनिमेशन, पटलातून आत शिरणारे प्रोटॉन]

आता आत जाऊया. एकच पटल, आणि आत साठेक प्रकारची एन्झाइम्स, प्रथिनं, चरबी, शर्करा, डीएनए, सगळं तोडणारी. बाहेरच्या पेशीद्रव्याचा पीएच ७.२ च्या आसपास आणि आतला साडेचार ते पाच, म्हणजे आत शेकडो पट जास्त आम्ल. हे आम्ल आपोआप टिकत नाही बरं का, पटलावर प्रोटॉन आत ढकलणारे पंप बसवलेले आहेत आणि ते चोवीस तास एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतात. तंतुकणिका जी ऊर्जा तयार करते त्यातला वाटा इथं खर्च होतो.

आणि इथंच त्या 'आत्मघाती' नावाचा घोळ आहे. ही एन्झाइम्स आम्लातच नीट चालतात, त्यामुळे एखादी पिशवी फुटून थोडी बाहेर सांडली तरी साध्या पेशीद्रव्यात ती बहुतेक लुळी पडतात. शिवाय पटलाला आतून साखरेच्या साखळ्यांनी मढवलेल्या प्रथिनांचं अस्तर असतं, म्हणून पिशवी स्वतःलाच पचवत नाही. खूप पिशव्या एकदम फुटल्या तर पेशी मरू शकते हे खरंय, पण तो अपघात झाला, रोजचं काम नव्हे. घरात गॅस सिलेंडर असतो म्हणून आपण स्वयंपाकघराला स्फोटघर म्हणतो का?

रोजचं काम आहे मोडून परत वापरायला देणं. जुनी झालेली तंतुकणिका, बिघडलेली प्रथिनं, सगळं दुहेरी पटलात गुंडाळून इथं आणलं जातं, तुकडे होतात आणि अमिनो आम्लं, शर्करा पटलातल्या दारांमधून परत पेशीद्रव्यात जातात. ह्याला ऑटोफॅजी म्हणतात, हा शब्दही द ड्यूवनंच १९६३ साली दिलेला. पण ते नेमकं कुठल्या जीन्समुळे होतं हे कळायला तीस वर्षं गेली. जपानमध्ये योशिनोरी ओसुमी यांनी यीस्ट घेतलं, ज्यात हे काम रिक्तिका करते, त्यातली पचवणारी एन्झाइम्स आधीच बंद पाडलेली, आणि मग त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत रिक्तिका न पचलेल्या पुड्यांनी गच्च भरली, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसावी इतकी. २०१६ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं.

बाहेरून आलेला जंतूसुद्धा इथंच येतो. पांढरी पेशी त्याला गिळते, ती पुडी लायसोसोमला जोडली जाते आणि जंतू संपतो. क्षयरोगाचा जंतू मात्र हे जोडणंच अडवतो आणि पांढऱ्या पेशीच्याच पोटात जिवंत राहतो, टीबीचे उपचार इतके महिने चालतात त्यामागचं हेही एक कारण आहे.

[पडद्यावर: आंतर्द्रव्यजालिका ते गॉल्गी ते लायसोसोम, बाणांनी मार्ग]

पण ही एन्झाइम्स बरोबर इथं पोचतात कशी? ती बनतात आंतर्द्रव्यजालिकेवरच्या रायबोसोममध्ये, तिथून गॉल्गी संकुलात जातात, आणि गॉल्गीत त्यांच्यावर एक खूण चढते, मॅनोज-सिक्स-फॉस्फेट. पार्सलवरच्या पत्त्यासारखी. तो पत्ता वाचणारे रिसेप्टर त्यांना उचलून लायसोसोमकडे रवाना करतात. हा पत्ता लक्षात ठेवा, शेवटी लागणारे.

१९३२ साली डच डॉक्टर योहानेस पॉम्पे यांनी एका सात महिन्यांच्या मुलीची नोंद केली, हृदय प्रचंड वाढून ती गेली होती आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे शरीर साठवून ठेवतं ती साखर, साठलेलं होतं. कारण कळलं नाही. पॉम्पे पुढं नाझींविरुद्धच्या लढ्यात उतरले आणि १९४५ मध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरलेले असताना, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. उत्तर सापडलं १९६३ मध्ये, परत लुव्हेनलाच, द ड्यूवचे सहकारी हेर्स यांना. त्या बाळांच्या लायसोसोममध्ये ग्लायकोजेन तोडणारं एक एन्झाइमच नसतं. एक एन्झाइम, बास, आणि पिशवी फुगत जाते, स्नायू लुळे पडतात, उपचार नसेल तर बहुतेक बाळं वर्षही काढत नाहीत. असे साठवणीचे आजार आज पन्नासहून जास्त माहीत आहेत.

२००६ पासून पॉम्पेवर, म्हणजे त्या डॉक्टरांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ह्या आजारावर, औषध आहे. ते हरवलेलं एन्झाइम बाहेर तयार करतात, तोच मॅनोज-सिक्स-फॉस्फेटचा पत्ता त्याच्यावर ठेवतात आणि सलाईनमधून देतात. स्नायूच्या पेशीवर तो पत्ता वाचणारे रिसेप्टर असतात, ते एन्झाइमला आत ओढतात आणि ते थेट लायसोसोममध्ये जाऊन कामाला लागतं. दर दोन आठवड्यांनी, आयुष्यभर. आपल्याकडे २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात पॉम्पे आहे, मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे, आणि एका पेशंटला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पण मूल वाढतं तसं त्याचं वजन वाढतं आणि डोस वजनावर ठरतो, त्यामुळे ते ५० लाख संपल्यावर पुढच्या सलाईनचं काय, हा प्रश्न त्या मुलाच्या आईवडिलांपुढं उभा राहतो.