गज तोच, हात वेगळा : मार्टिन फे आणि आयरिश फिडल

फिडल आणि व्हायोलिन ही दोन निरनिराळी वाद्यं आहेत का, हा प्रश्न शेवटी कुणीतरी विचारणारच, म्हणून तो आधीच निकालात काढतो. वाद्य एकच आहे. तारा त्याच, जी-डी-ए-ई. गजही तोच, साधारण साठ ग्रॅम वजनाचा आणि पाऊण मीटर लांबीचा. आयर्लंडमध्ये नाचाच्या धुना वाजवणारा त्याला फिडल म्हणतो आणि सिंफनीत बसणारा व्हायोलिन. खरा फरक वाजवणाऱ्याच्या उजव्या हातात असतो. ‘द चीफटन्स’ या आयरिश पारंपरिक संगीताच्या गटातला फिडलवादक मार्टिन फे याच्या कारकिर्दीत हा हात दोन्ही बाजूंनी वावरलेला दिसतो, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलायचं.

फेचा जन्म डब्लिनचा, १९३६ मधला. तालीम पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनची, म्हणजे नोटेशन समोर ठेवून वाजवणारा माणूस. तरुणपणी तो डब्लिनच्या ॲबी थिएटरच्या वाद्यवृंदात लागला. तिथले संगीत दिग्दर्शक होते शॉन ओ रिअडा. आयरिश स्वातंत्र्यलढ्यावरच्या एका माहितीपटाला त्यांनी १९५९ साली संगीत दिलं होतं आणि त्यात जुन्या गाण्यांच्या चाली पूर्ण वाद्यवृंदावर चढवल्या होत्या. १९६० मध्ये ॲबीचं एक नाटक आलं, त्यासाठी ओ रिअडांना पारंपरिक वादक लागले. त्या मेळातूनच क्योलतोरी हुअलन हा गट उभा राहिला. पाइप्स (हवेच्या पिशवीवर वाजणारं वाद्य), टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी, मोठी बासरी, फिडल, ॲकॉर्डियन, आणि स्वतः ओ रिअडा हार्पसिकॉर्डवर (पियानोसारखं पट्ट्यांचं जुनं वाद्य) किंवा बोहरानवर. बोहरान म्हणजे आपल्या डफाचा भाऊबंदच, फक्त तो छोट्या काठीने वाजवतात.

या गटात फेच्या शेजारी जॉन केली बसायचे. ते आयर्लंडमधल्या पश्चिम क्लेअरचे, डब्लिनच्या केपल स्ट्रीटवर दुकान चालवणारे, कानाने शिकलेले. एका बाजूला ऐकून घडलेला हात, दुसऱ्या बाजूला वाचून घडलेला, आणि धून दोघांना एकच वाजवायची. इथे अडचण कुठे येते ते नीट बघू, कारण पुस्तकी तयारीचा व्हायोलिनवाला आजही नेमका इथेच अडखळतो.

धून लिहिली तर अगदी साधी दिसते. आठ मात्राखंडांचा पहिला भाग दोनदा, आठ खंडांचा दुसरा भाग दोनदा, झाले बत्तीस. रील, म्हणजे जलद नाचाची धून असेल तर प्रत्येक खंडात दोन ठोके आणि ठोक्याला चार सूर. मिनिटाला एकशेदहा ठोके धरले तर एक फेरी पस्तीस सेकंदांत संपते. प्रत्येक धून दोन-तीनदा वाजवायची आणि न थांबता दुसरीवर जायचं. न्यू यॉर्कमध्ये १९२१ पासून आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मायकल कोलमन या फिडलरने मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या भरल्या, त्यांच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. एका बाजूवर दोन धुना का असायच्या, ते या हिशेबात दिसतं. डावा हात बहुतेक पहिल्याच पोझिशनमध्ये, म्हणजे वाद्याच्या टोकाशी न सरकता राहतो, ई तारेवर चौथ्या बोटाच्या बी पर्यंत. त्यामुळे हनुवटीने वाद्य घट्ट दाबून धरायची गरज उरत नाही. बरेच फिडलर ते छातीजवळ खाली धरतात.

वाचून वाजवणारा पहिल्यांदा फसतो तो गजात. त्याला शिकवलेलं असतं की जोराच्या मात्रेवर गज खाली. रीलमध्ये हा नियम पाळला की ती ताशाच्या कवायतीसारखी ठोकळेबाज होते. स्लायगोचा वादक काय करतो? एका ठोक्याचा शेवटचा सूर आणि पुढच्या ठोक्याचा पहिला सूर एकाच गजात बांधतो. गज बदलतो ठोक्याच्या आधी. मग ठोका ऐकू कसा येतो? गज चालू असताना तर्जनीने क्षणभर दाब द्यायचा, तोही एका ओढीच्या मध्यावर. दाब जास्त झाला तर सूर चिरकतो, कमी पडला तर नाचणाऱ्याचं पाऊल चुकतं. गजाच्या मुठीकडच्या भागात हे करायला गेलात तर काठी जड लागते आणि वेग मरतो. सगळं काम मधल्या आणि वरच्या भागातच करायचं.

दुसरी फसगत रोलची. हिंदुस्तानी संगीताच्या जाणकारांना रोल म्हणजे मुरकी किंवा खटका वाटेल, आणि कानाला तो तसा वाटतोही. काम मात्र वेगळं. जिग या दुसऱ्या प्रकारच्या नाचाच्या धुनेत डी तारेवर तिसऱ्या बोटाचा जी तीन मात्रांएवढा लांब आहे असं धरा. पहिली मात्रा साधा जी. दुसरी सुरू होताना चौथं बोट तारेवर नुसतं आपटून उचलायचं. ए सूर ऐकू यायला नको, ठेच लागल्यासारखं वाटलं पाहिजे. तिसरी सुरू होताना तिसरं बोट क्षणभर सुटतं, दुसऱ्याचा एफ शार्प निसटता लागतो आणि परत जी. हे सगळं एका गजात. ऐकणाऱ्याला एकाच सुराचे तीन ठोके मिळतात. ही रीत पाइप्सकडून आली. तिथे हवा अखंड वाहते, एकच सूर दोनदा हवा असेल तर तो बोटानेच तोडावा लागतो. शास्त्रीय वादक याला अलंकार समजतो आणि पाच सूर समान, स्वच्छ, सुरेल वाजवतो. ऐकायला गोड, पण तिन्ही ठोके गायब. बोटं जितकी शिस्तीची, तितका हा दोष हट्टी.

ट्रेबलचं उलट आहे. एका सुराच्या जागी त्याच सुराचे तीन झटके, गज एक-दोन सेंटिमीटरच हलतो आणि तोही मनगटातून. कोपर मध्ये आलं की संपलं. शिवाय हे झटके थोडे खरखरीतच हवेत. उडत्या गजाचा मोत्यासारखा दाणेदार आवाज इथे परका वाटतो.

सुरांच्या बाबतीत भारतीय कानाला एक गोष्ट लगेच कळेल. डी ला सा धरला तर क्लेअर-डोनेगलचे जुने फिडलर निषाद पुष्कळदा कोमलही लावत नाहीत आणि शुद्धही नाही, दोहोंच्या मध्ये ठेवतात. शेजारी हार्पसिकॉर्ड आलं की ही जागा पुसली जाते, कारण त्याच्या पट्ट्या ठरलेल्या. ओ रिअडांच्या गटाने पुष्कळ मिळवलं, पण ही किंमत मोजली, असं माझं मत आहे.

क्योलतोरी हुअलनमध्ये असतानाच, १९६२ साली, पाइप्सवाले पॅडी मोलोनी यांनी ‘द चीफटन्स’ सुरू केलं. फे पहिल्यापासून त्यात होता. पहिली ध्वनिमुद्रिका १९६४ ची, क्लॅडा रेकॉर्ड्सकडची. पोटापाण्याच्या नोकऱ्या मात्र बहुतेकांच्या सुटल्या त्या सत्तरच्या दशकाच्या मध्यात. १७ मार्च १९७५ ला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल त्यांनी भरवला. १९७९ मध्ये पोपच्या भेटीच्या वेळी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधला अफाट जमाव, १९८३ मध्ये चीनची भिंत. वाचता येणारा आणि बसल्या बैठकीला जुळवून घेणारा वादक अशा गटात किती उपयोगी असतो, हे गोव्याच्या संगीतकारांबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांना सांगायला नको. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या त्या मंडळींनी मुंबईचे सिनेमा स्टुडिओ असेच सांभाळले.

१९६८ मध्ये दुसरे फिडलर शॉन कीन आले. दाट, पाइप्ससारख्या रोलांनी भरलेली रील वाजवावी ती कीन यांनीच. फेने त्या बाबतीत कधी चढाओढ केली नाही. त्याचं क्षेत्र संथ चालींचं, ज्यांना ‘स्लो एअर’ म्हणतात. ओ रिअडांनी अठराव्या शतकातल्या आयरिश कवितेला दिलेली ‘म्ना ना हेरन’ ही चाल चीफटन्सनी वाजवली. ती १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटात ऐकू येते.

या चालींना ठोका नसतो. मूळ गाण्याचे आयरिश शब्द डोक्यात चालू ठेवायचे आणि जिथे गवई श्वास घेईल तिथेच गज बदलायचा. ओळीच्या मध्येच गज संपला तर शब्द तुटतो, म्हणून एक गज पाच-सहा सेकंद सारख्या दाबाने ओढता आला पाहिजे. शास्त्रीय तालमीत वर्षानुवर्षं घोटलेला लांब गजाचा रियाज इथे थेट कामाला येतो. मग चुकतं कुठे? कंपनात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हायब्रेटो लावला आणि प्रत्येक सुरावर घसरत गेलात की चाल पडद्यावरच्या रडक्या प्रसंगासारखी होते. सूर आधी कोरडा लावायचा, तो लांबला तर शेवटी थोडं कंपन, नाहीतर तेही नाही. फेच्या कारकिर्दीतलं मोलाचं काम मला या आवरलेल्या डाव्या हातात दिसतं.

शतक पालटल्यावर त्याने दौरे थांबवले आणि गटातून निवृत्ती घेतली. २०१२ मध्ये तो गेला. चीफटन्सच्या कार्यक्रमांत तो आणखी एक वाद्य वाजवायचा, बोन्स. जनावराच्या फासळीचे वितीएवढे दोन वाकडे तुकडे, एकाच हातात धरायचे. एक तुकडा बोटांनी तळव्याशी पक्का, दुसरा सैल. हात मनगटातून हलवला की सैल तुकडा पक्क्यावर टकटकतो आणि तीनाचा झटका निघतो, तोच ट्रेबल, सुराशिवाय. दोन्ही तुकडे घट्ट धरले की आवाजच येत नाही.