आधी खटका, मग पाना

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. गाडी सुरू होते, थोडा वेळ झकास पळते, मग चढावर झटके मारते आणि गप्प बसते. आपण बॉनेट उघडतो आणि थेट कार्ब्युरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, हात घालतो. गाडी दोन टाक्यांची असेल तर तेवढी घाई करू नका. पाना नंतर, आधी डॅशबोर्डवरचा टाकी बदलायचा खटका.

1968 साली आलेली जॅग्वार एक्सजे सिक्स घ्या. मागच्या दोन्ही मडगार्डांच्या आत एकेक टाकी, दोन्हींत मिळून 100 लिटरच्या वर पेट्रोल. खटका दाबला की एकीवरून दुसरीवर. डाव्या टाकीवर गाडी अडते आणि उजवीवर सुरळीत चालते, तर दोष डाव्या बाजूला: तिचा पंप, तिची नळी किंवा खुद्द टाकी. दोन्हींवर अडत असेल, तर दोन्ही वाटा जिथे एक होतात तिथून पुढे शोधा. फिल्टर, कार्ब्युरेटर, नाहीतर इग्निशन, म्हणजे ठिणगीची यंत्रणा. तिच्यातला तापलेला कंडेन्सर पेट्रोल संपल्याचं सोंग फार बेमालूम वठवतो.

मात्र खटका दाबल्या दाबल्या निकाल लावू नका. नळीत आणि फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, आधीच्याच टाकीचं पेट्रोल असतं. ते संपेपर्यंत इंजिन चालू द्या. खटक्याबरोबर पेट्रोलचा काटा हलला म्हणजे पंपही बदलला, असंही समजू नका. काट्याची वायर वेगळी, पंपाची वेगळी.

आता कान द्या. कार्ब्युरेटरच्या अशा अनेक गाड्यांत प्रत्येक टाकीला विजेचा स्वतंत्र पंप असतो. इंजिन न लावता नुसती चावी फिरवा. टक टक टक असा आवाज येईल, फ्लोट चेंबर भरले की थांबेल. अजिबात आवाज नाही? बहुधा पंपातले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, जळलेत, किंवा अर्थिंगची तार गंजलीय. पंपाला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टिचकी मारा. तो जागा झाला तर दुखणं बहुधा पॉइंटचंच. आणि टकटक थांबतच नसेल, तीही भरभर, तर टाकी रिकामी आहे किंवा पंप कुठूनतरी हवा ओढतोय. तडकलेला रबरी पाइप असं करतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा पाइप आधी पाहा.

मी एकदा चांगला पंप काढून नवा बसवला होता. गाडी तरीही अडली. वैतागून टाकीचं झाकण सैल केलं, फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी पळाली! टाकीत हवा जायची वाटच बुजली होती. तो जुना पंप अजून माझ्याकडे आहे, चालू स्थितीत.

नंतरच्या, कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या एक्सजेचं दुखणं निराळं. तिथे उरलेलं पेट्रोल एका व्हॉल्व्हमधून त्याच टाकीत परत जातं. व्हॉल्व्ह अडकला की ते दुसऱ्या टाकीत जातं, आणि ती आधीच भरलेली असेल तर बाहेर सांडतं. मागून पेट्रोलचा वास आला की इंजिन लगेच बंद करा, बॅटरीची तार काढा, विडी-काडी लांब.

एकच टाकी वापरायची सवय असेल तर दुसरीतलं पेट्रोल कुजतं, चिकट होतं, तळाशी गंजाचा चुरा साचतो. महिनोन्‌महिने न वापरलेली टाकी अडचणीच्या वेळी लावली की तो सगळा चुरा फिल्टरमध्ये. म्हणून आलटून पालटून वापरा.

एक्सजेत गंज येतो तो बऱ्याचदा वरून. झाकणाभोवतीच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचतं, ते वाहून न्यायला बारीक नळी असते आणि ती पाल्याकचऱ्यानं तुंबते. झाकण घट्ट लावून त्या खळग्यात थोडंसं पाणी ओता आणि वाकून गाडीखाली पाहा. खाली ओलं झालं नाही, तर उद्या सकाळचं काम ठरलं.