आधी हवा, मग औषध

नमस्कार मंडळी. पाळीव उंदरांच्या श्वसनाच्या आजारावर आज बोलायचं आहे. या एकाच विषयाला मी संपूर्ण व्याख्यान देतोय, कारण दवाखान्यात येणारे उंदीर सगळ्यांत जास्त याच दुखण्याने येतात, आणि येतात तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो.

हा उशीर पाळणाऱ्याच्या हयगयीमुळे होतो असं मला वाटत नाही. उंदीर दुखणं लपवतो. मांजर, साप, घार, घुबड अशा सगळ्यांचंच जो भक्ष्य आहे, त्याला अशक्तपणा दाखवून परवडत नाही. फुप्फुसांचा मोठा भाग खराब झालेला असतानाही तो तुमच्या हातातला शेंगदाणा घेतो, खांद्यावर चढतो. आणि मग एका संध्याकाळी अचानक धापा टाकायला लागतो. ‘कालपर्यंत चांगला होता हो, डॉक्टर’ हे वाक्य मी नेहमी ऐकतो. बोलणारा खरंच बोलत असतो.

आजाराच्या मुळाशी बहुतेक वेळा मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जंतू असतो. एमी क्लीनेबर्गर नावाच्या जर्मन ज्यू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. १९३३मध्ये नाझी राजवटीमुळे त्यांना देश सोडावा लागला आणि त्या लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. तिथे १९३७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या आजारी फुप्फुसांत या जातीच्या जंतूचं वर्णन केलं. या जंतूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचं कडक आवरण, नसते. त्यामुळे पेशीभित्तिकेवर घाव घालणारी औषधं, म्हणजे पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन, त्याचं काहीच वाकडं करू शकत नाहीत. घरातल्या औषधांच्या डब्यात उरलेल्या अमॉक्सिसिलिनचा तुकडा मोडून उंदराला देणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. कृपा करून असं करू नका. सोबत दुसरे जंतू आले असतील तर आम्ही ते औषध देतोही, पण मूळ दुखण्याला ते लागू पडत नाही. इथे डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन यांच्यासारखी औषधं लागतात, आणि कोणतं, किती, किती दिवस हे वजन आणि छाती पाहूनच ठरतं.

आता महत्त्वाची गोष्ट. दुकानातून किंवा मित्राकडून आणलेल्या जवळपास प्रत्येक उंदराच्या अंगात हा जंतू असतो. पिल्लांना तो आईकडूनच मिळतो, आणि एकदा आला की जन्मभर राहतो. औषधाने तो दबतो, जात नाही. म्हणून माझ्या रुग्णाबद्दल मी ‘बरा झाला’ म्हणत नाही, ‘शांत झाला’ म्हणतो. पुढचा प्रश्न असा की शांत असलेलं दुखणं उठतं कशाने? उत्तर तुमच्या घरात आहे.

पिंजऱ्यातल्या लघवीतून अमोनिया तयार होतो. श्वासनलिकेच्या आतून बारीक लव असते, ती झाडूसारखी धूळ आणि चिकटा वर ढकलत असते. अमोनियाने ती लव निकामी होते आणि जंतूला रान मोकळं मिळतं. १९७६ साली ब्रॉडरसन, लिंडसे आणि क्रॉफर्ड या संशोधकांनी उंदरांवर याचा नीट अभ्यास केला. हवेत दहा लाखांत २५ भाग एवढा अमोनिया असला तरी हा आजार बळावतो, असं त्यांना दिसलं. पिंजऱ्याशी वाकल्यावर तुम्हाला वास आला, तर त्याच चिंध्यांत नाक खुपसून झोपणाऱ्याला काय मिळत असेल ते बघा. माशांच्या काचेच्या टाकीत उंदीर ठेवू नका. टाकीत हवा खेळत नाही आणि हा वायू आतच साचून राहतो. चारी बाजूंनी जाळी हवी.

खाली घालायला सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून लोक आणतात. त्यात प्लायवूड घासल्याची पूड आणि डिंक असतो. पाइन आणि सीडरच्या सुवासिक भुशातली रसायनंही घातक. साधा कागद, कागदाच्या गोळ्या, धुतलेली सुती फडकी वापरा. पावसाळ्यात फडकी वाळत नाहीत ही खरी अडचण आहे, मला मान्य आहे. पण ओलसर फडकं घालण्यापेक्षा वर्तमानपत्र बरं. रोज बदला.

आणि पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. मिरचीच्या फोडणीने आपल्याला ठसका लागतो, आपण खिडकी उघडतो, बाहेर जातो. त्याला जाता येत नाही. उदबत्ती, धूप, मच्छरांची कॉइल, फवारे, सिगारेट यांचंही तेच. दिवाळीत ज्या खोलीत धूर येतो तिथून पिंजरा हलवा. निलगिरीच्या तेलाचा वाफारा हा आपल्या आजीचा उपाय, पण एवढ्याशा प्राण्याच्या श्वासनलिकेला ते तेल झोंबतं. देऊ नका.

लक्षणं कशी ओळखायची? नवीन घरी आल्यावर थोडे दिवस शिंका येतात, त्या बहुधा थांबतात. न थांबणाऱ्या शिंका, श्वासात घुरघुर किंवा टिकटिक, फुगलेले केस, पाठ कमानीसारखी, मान एका बाजूला कलणं, ही काळजीची लक्षणं. मान कलते कारण हाच जंतू कानातही शिरतो. डोळ्यांभोवती आणि नाकाशी लाल दिसलं की लोक रक्त समजून घाबरतात. ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं लाल द्रव्य पाझरतं, आजारात आणि ताणात जास्त. उंदीर पुढच्या पायांनी तोंड पुसतो, म्हणून पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूला लाल डाग शोधा. चेहरा त्याने धुतलेला असतो, पंजे खरं सांगतात.

श्वास मोजायला तो झोपलेला असताना बघा. बरगडीमागची कूस वर-खाली होते. निरोगी उंदीर मिनिटाला साधारण ७० ते ११५ वेळा श्वास घेतो. एवढं भरभर डोळ्यांनी मोजणं कठीण, म्हणून मोबाइलवर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, संथ गतीने चालवा, मोजा, चारने गुणा. तोच व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात घाबरलेल्या उंदराचा श्वास वेगळाच असतो, घरचा व्हिडिओ मला जास्त सांगतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याला एकदा वजन करा आणि वहीत लिहा. आजारपणात रोज.

औषध देणं ही कला आहे, पण जमते. सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज घ्या. फडक्यात गुंडाळून, गालाच्या बाजूने, थेंबाथेंबाने, गिळायला वेळ देत. समोरून एकदम दाबलं तर औषध फुप्फुसात जाईल. कडू औषध कुस्करलेल्या केळ्यात मिसळलं तर कित्येक उंदीर स्वतःहून चाटतात. दुधात, दह्यात, पनीरमध्ये मात्र डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन मिसळू नका. त्यातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं आणि अंगाला ते लागत नाही. आठ दिवसांत तरतरी आली म्हणून डोस बंद करू नका. तीन आठवडे, कधी त्याहून जास्त चालतो.

घरात मुलांसाठी घेतलेला नेब्युलायझर असेल तर उंदरासाठी वेगळी नळी घ्या. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, एका बाजूला नळीपुरतं भोक, दुसऱ्या बाजूला हवा जायला तीन-चार भोकं. केमिस्टकडचं निर्जंतुक सलाइन, पंधरा मिनिटं. औषध घालायचं तर डॉक्टरांना विचारून. त्याच्या जोडीदार उंदराला सोबत डब्यात ठेवा, म्हणजे आजारी उंदीर शांत राहतो. दम वाढला तर लगेच थांबवा, नंतर अंग कोरडं करा. एरवीही जोडीदाराला वेगळं करू नका. जंतू दोघांतही आहे, आणि एकटा पडलेला उंदीर खाणं सोडतो.

खायला भाताची पेज, बिनमिठाची पातळ मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, थोडं थोडं, कोमट. धाप लागलेली असताना भरवू नका. उंदीर नाकानेच श्वास घेतो आणि त्याला उलटी करता येत नाही, म्हणून तोंडात कोंबलेला घास त्याच्या जिवावर येऊ शकतो. तोंड उघडून श्वास घेत असेल, पंजे आणि शेपूट निळसर झाली असतील, तर त्याच क्षणी निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. अशा वेळी प्राणवायू लागतो, म्हणून तो कुठल्या दवाखान्यात मिळतो हे आजच चौकशी करून फोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. दीड-दोन वर्षांचा झाला की वारंवार उठलेल्या दुखण्याने फुप्फुसांत व्रण पडलेले असतात, आणि एक दिवस औषधांचे दोन-तीन कोर्स देऊनही श्वास सुधारत नाही. तेव्हा मी पाळणाऱ्याला स्पष्ट सांगतो. गुदमरणं हे फार वाईट मरण आहे. आधी भूल देऊन, मग शांतपणे निरोप देता येतो, आणि तो निर्णय घेणाऱ्याने स्वतःला अपराधी समजू नये असं मला मनापासून वाटतं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी दिली आहे: एक गेला, दुसरा एकटा राहिला, नवीन आणू का? आणा, पण लगेच एकत्र ठेवू नका. नवीन उंदीर दोन-तीन आठवडे दुसऱ्या घरी, निदान अगदी वेगळ्या खोलीत ठेवा, कारण त्याच्यासोबत सेंडाईसारखा विषाणू येऊ शकतो आणि तुमच्या जुन्या उंदराच्या छातीला तो सोसवत नाही. आधी जुन्याचं करा, मग नव्याचं, मध्ये हात धुवा आणि कपडे बदला. तुम्हाला स्वतःला सर्दी-खोकला असेल तर पिंजऱ्याशी मास्क लावून जा, आपले काही जंतू त्यांनाही लागतात.