आकडा आहे, पण ‘म्हणून’ कुठाय?

नमस्कार मित्रांनो! मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीच्या प्रेझेंटेशनची तालीम बघत होतो. विषय नागपूरचा पूर. पहिल्या स्लाइडवर गाळात अर्धी रुतलेली स्कूटर. खाली लिहिलेलं, 23 सप्टेंबर 2023, काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला. आणि लगेच पुढे: ‘म्हणून हा पूर माणसाने आणला.’

मी तिथंच थांबवलं. काऊन? तर हा आकडा उलट्याच बाजूने बोलतो! एवढा पाऊस पडला म्हटल्यावर ऐकणारा म्हणणार, मग दोष पावसाचाच. आकडा खरा होता, तिचं म्हणणंही कदाचित टिकलं असतं. पण ‘म्हणून’च्या अलीकडे काहीच नव्हतं.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, यासाठी पाच पायऱ्या आहेत. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून आग आहे, हे निगमन. आपली मुलं दोन पायऱ्या चढतात आन् थेट पाचवीवर उडी मारतात. सगळी ताकद तर तिसरीत असते! आणि तो धूरच आहे ना, धुकं तर नाही, हेही तपासावं लागतं.

मग आम्ही दावा नेमका केला: पाऊस मोठा होताच, पण नुकसान वाढलं ते तलावाचं पाणी शहरातून पुढे नेणाऱ्या नाग नदीची वाट अरुंद झाल्यामुळे. आता पुरावाही बदलला. स्कूटरचा फोटो इथे काही सिद्ध करत नाही. जुन्या नकाशात नदी किती रुंद होती, आज किती आहे, ते हवं. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती तुलना: त्याच रात्री तेवढाच पाऊस झाला, तरी कोरडी राहिलेली वस्ती कोणती? न्यायात असं उलटं उदाहरणही देतात. जिथे आग नाही तिथे धूर नाही, जसं तळ्यात.

पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचा आक्षेप, मात्र स्वतःच मांडा, आणि पूर्ण जोर लावून. ‘अंबाझरी 1870 सालचा तलाव, एवढ्या पावसात तो ओसंडणारच’ हे परीक्षकाने विचारायच्या आत तुम्ही म्हणा. त्यातलं खरं तेवढं कबूल करा. ओसंडणं वेगळं, आणि ते पाणी घरात शिरणं वेगळं; तुमचा दावा दुसऱ्याबद्दल आहे.

परवा ती पुन्हा आली. स्कूटर गेली होती. तिथे जुना आणि नवा नकाशा शेजारी शेजारी, पण आजच्या रुंदीची जागा रिकामी. अंदाजाने लिहायचं नाही, म्हणाली. रविवारी सकाळी आम्ही टेप घेऊन पुलावर जातोय.