मॅनेजर बदलतो, मालक राहतो

(नागपूर येथे फुटबॉलप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखरूप)

मित्रहो,

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या उत्तरेला बरी नावाचे गाव आहे. तिथला फुटबॉल क्लब १८८५ साली स्थापन झाला आणि १९०० व १९०३ अशी दोन वर्षे त्याने एफए कप ही इंग्लंडमधली मानाची बाद फेरीची स्पर्धा जिंकली. पुढे तो लहान क्लब म्हणूनच राहिला, पण २०१८-१९ च्या हंगामात त्याचा संघ चौथ्या श्रेणीत दुसरा आला आणि वर चढला. रायन लोव या मॅनेजरने, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाने, हे घडवले तेव्हा खेळाडूंचे पगार थकलेले होते. हंगाम संपल्यावर लोव दुसऱ्या क्लबकडे गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगने बरीला लीगमधून काढून टाकले, कारण देणी फेडायला आणि पुढचा हंगाम चालवायला लागणारा पैसा आपल्याकडे आहे याचा पुरावा मालक देऊ शकला नाही. याच मालकाने आठ-नऊ महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१८ मध्ये, हा क्लब १ पौंडाला विकत घेतला होता आणि तो पुरावा लीगने व्यवहार होण्याआधी मागितलाच नव्हता.

मी बरीपासून सुरुवात करतो, कारण समर्थक म्हणून आपण ज्या माणसावर सर्वाधिक बोलतो तो मॅनेजर इथे पूर्णपणे निर्दोष होता. मैदानावर जे मिळवायचे ते त्याने मिळवले. तरीही क्लब बुडाला. मॅनेजरला दर आठवड्याला गुणपत्रिका मिळते. ती वर्तमानपत्रात छापून येते, दूरचित्रवाणीवर तिची चिरफाड होते, आणि सदर-धरमपेठेतल्या चहाच्या टपऱ्यांवरही रात्री साडेअकराला तिच्यावर वाद झडतात. मालकाला अशी गुणपत्रिका कोणी देत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला प्रश्न विचारण्याची सोय जोपर्यंत क्लबच्या घटनेत नाही, तोपर्यंत मॅनेजरची हकालपट्टी हे उत्तरदायित्व मानता येणार नाही. बहुतेक वेळा उत्तरदायित्व टाळण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग असतो.

मँचेस्टर युनायटेडचे उदाहरण या सभागृहात अनेकांच्या जिव्हाळ्याचे आहे, म्हणून ते थोडे सविस्तर घेतो. मे २०२४ मध्ये मॅनेजर एरिक टेन हागच्या संघाने मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला, पण लीगमध्ये संघ आठवा आला होता. क्लबच्या नव्या व्यवस्थापनाने त्या उन्हाळ्यात इतर प्रशिक्षकांची चाचपणी केली, शेवटी टेन हागलाच ठेवायचे ठरवले, जुलैमध्ये त्याचा करार वाढवला, सुमारे २० कोटी पौंडांचे खेळाडू त्याच्या हाती दिले, आणि २८ ऑक्टोबरला त्याला काढून टाकले. टेन हाग आणि त्याच्या सहकाऱ्यांना मोकळे करण्याचा खर्च १ कोटी ४ लाख पौंड झाला. ज्या क्रीडा संचालकाला मिळवण्यासाठी क्लबने कित्येक महिने वाट पाहिली होती, तो डॅन ॲशवर्थ रुजू झाल्यापासून पाच महिन्यांत गेला, आणि दोन्ही मिळून हा आकडा १ कोटी ४५ लाखांवर पोहोचला. त्याच काळात क्लबने सुमारे अडीचशे कर्मचारी कमी केले आणि हंगाम चालू असतानाच उरलेल्या तिकिटांची किंमत मुले आणि ज्येष्ठ यांची सवलत काढून घेऊन ६६ पौंड केली. टेन हागच्या जागी रुबेन अमोरिम आला आणि संघ लीगमध्ये १५ वा आला.

या साऱ्या साखळीत टेन हाग चुकला नाही असे मी म्हणत नाही. त्याच्या संघाची मधली फळी वारंवार उघडी पडत होती आणि ती दुरुस्त करणे हे त्याचेच काम होते. मॅनेजरला जाब विचारलाच पाहिजे: कोणाला खेळवले, कोणाला बसवले, तरुण खेळाडू घडले की कुजले, एकच चूक दहाव्या सामन्यातही का झाली. पण जुलैमध्ये करार वाढवणारे आणि ऑक्टोबरमध्ये तो मोडणारे हात एकच होते, आणि त्या दोन निर्णयांमधल्या विसंगतीची किंमत तिकीट काढणाऱ्याने व नोकरी गमावलेल्या कर्मचाऱ्याने मोजली. हा हिशोब मालकांना विचारण्यासाठी समर्थकाकडे कोणती सभा होती? कोणतीही नव्हती. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात २०१२ पासून या क्लबचे समभाग मिळतात, पण मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबाने स्वतःकडे ठेवलेल्या वर्गातल्या प्रत्येक समभागाला दहा मते आहेत आणि सामान्य गुंतवणूकदाराच्या समभागाला एक. म्हणजे समर्थकाने पैसे टाकून भागधारक होण्याचा मार्ग धरला तरी त्याचा आवाज आधीच दहाने भागलेला असतो.

आणि हे कुटुंब मालक झाले ते कसे, हेही लक्षात ठेवावे लागेल. २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब विकत घेताना त्यातली मोठी रक्कम कर्जाने उभी केली गेली आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच माथी मारला गेला. तोवर क्लब कर्जमुक्त होता. विकत घेतल्या जाणाऱ्या संस्थेनेच स्वतःच्या खरेदीचे व्याज वर्षानुवर्षे भरावे, हा व्यवहार कायद्याने चालतो; समर्थकाच्या नजरेतून त्याला दुसरा शब्द आहे, तो मी सभेत वापरत नाही. ॲलेक्स फर्ग्युसन मॅनेजर होता तोवर चषक येत राहिले आणि ही जखम झाकली गेली. २०१३ मध्ये तो निवृत्त झाल्यावर मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शायर असे एकामागून एक आले आणि गेले, आणि दर वेळी आपण इथे नागपुरात बसून ‘आता हा तरी’ म्हणत राहिलो.

खासगी मालक म्हणजे वाईटच, असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. लेस्टर सिटी २०१० मध्ये थायलंडचे विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी घेतला, क्लबला दिलेली दहा कोटी पौंडांहून अधिक कर्जे त्यांनी भांडवलात बदलून टाकली, आणि २०१६ मध्ये लेस्टरने लीग जिंकली. २०१८ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात ते गेले तेव्हा सगळे शहर रडले, आणि ते अश्रू खरे होते. त्याच लेस्टरने मॅनेजर क्लाउडियो रानिएरीला विजेतेपदानंतर नऊ महिन्यांत काढले, हेही खरे. पुढे २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तो क्लब खालच्या श्रेणीत घसरला. चांगला मालक मिळणे हे भाग्य आहे. पण क्लबचे भवितव्य एका माणसाच्या चांगुलपणावर टांगलेले असेल तर तो माणूस गेल्यावर समर्थकाच्या हातात धरायला काही उरत नाही.

आपल्या विदर्भ-महाराष्ट्राला सहकाराची भाषा कळते, म्हणून जर्मनीतली व्यवस्था समजावणे मला सोपे जाते. तिथे १९९८ पासून क्लबला आपली व्यावसायिक शाखा कंपनी म्हणून चालवता येते, मात्र त्या कंपनीत निम्म्याहून एक मत जास्त मूळ क्लबच्या सभासदांकडे राहिले पाहिजे, असा नियम आहे. एखाद्या पतसंस्थेत बाहेरचा कितीही मोठा ठेवीदार आला तरी सर्वसाधारण सभेत हात वर करण्याचा अधिकार सभासदाचाच राहतो, तसे हे. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग या कारखान्यांच्या क्लबांना त्यातून सूट मिळाली, आणि लाइप्झिगमध्ये मतदानाचा हक्क असलेले सभासद इतके मोजके ठेवले गेले की नियमाचे फक्त टरफल उरले. तरी त्या नियमाने घडवलेला समर्थक काय करू शकतो हे २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिसले. लीगच्या प्रक्षेपण हक्कांच्या कंपनीतला आठ टक्के हिस्सा एका गुंतवणूक कंपनीला देण्याचा घाट घातला गेला होता. एकामागून एक मैदानांवर प्रेक्षकांनी गवतावर टेनिसचे चेंडू आणि सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटची नाणी फेकली. खेळाडू ती वेचत उभे राहिले, रेफ्रींनी सामने थांबवले. २१ फेब्रुवारीला लीगने व्यवहार सोडून दिला. त्या चेंडूंमागे सभासदत्वाचा अधिकार होता, आपल्या क्लबने लीगच्या बैठकीत कोणाला मत दिले असे विचारण्याची सवय होती, म्हणून ते परिणामकारक ठरले.

सभासदांचे मत असले की सगळे आपोआप ठीक होते असेही नाही. बार्सिलोनाचे सभासद अध्यक्ष निवडतात, आणि त्यांनीच निवडलेल्या जोसेप मारिया बार्तोमेऊच्या कारकिर्दीत क्लब कर्जात इतका रुतला की २०२१ मध्ये मेस्सीला ठेवणेही जमले नाही. मात्र सभासदांनी सह्या गोळा केल्या, अविश्वास ठरावाचे मतदान समोर उभे राहिले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये बार्तोमेऊ आपल्या मंडळासह पायउतार झाला. चुकीचा माणूस निवडला जाईल, हे कोणतीही घटना रोखू शकत नाही. त्याला घरी पाठवण्याचे दार तिच्यात असले पाहिजे.

आता कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवे, की मँचेस्टर किंवा बार्सिलोनाच्या कारभारावर बोलण्याचा नागपूरकरांना काय अधिकार? माझे उत्तर असे की अधिकार आहे, पण तो मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाच्या बरोबरीचा नाही. आपण भरलेल्या वर्गणीतून प्रक्षेपणाचा पैसा उभा राहतो हे खरे. पण एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांच्या मालकांनी सुपर लीग या आपल्या वेगळ्या स्पर्धेची घोषणा केली तेव्हा त्यांचा भरवसा आपल्यासारख्या दूरच्या प्रेक्षकांवरच होता: यांना फक्त मोठे सामने दाखवले की पुरे. लंडनमध्ये चेल्सी क्लबच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाबाहेर रस्ता अडवून ती योजना दोन-तीन दिवसांत मोडली ती स्थानिक समर्थकांनी. त्यातूनच पुढे इंग्लंडमध्ये समर्थकांच्या नेतृत्वाखालचा आढावा झाला, आणि २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा आला. अशा वेळी दूरच्या समर्थकाचे पहिले कर्तव्य हे, की आपल्या नावाने स्थानिकांचा आवाज दाबला जाऊ देऊ नये.

भारतात हा प्रश्न अधिक जवळून दिसतो. १८८९ साली स्थापन झालेला, १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकणारा कोलकात्याचा मोहन बागान २०२० मध्ये एटीके या सहा वर्षांच्या फ्रँचायझीशी जोडला गेला. ऐंशी टक्के मालकी एटीकेमागच्या उद्योगसमूहाकडे गेली आणि क्लबच्या नावाआधी ‘एटीके’ आले. समर्थकांनी संघ जिंकत असतानाही आंदोलन सोडले नाही, आणि मार्च २०२३ मध्ये विजेतेपदाच्या दिवशीच मालकांना ती अक्षरे काढल्याची घोषणा करावी लागली. निकाल चांगले असतानाही मालकाला जाब विचारता येतो, याचे आपल्या देशातले इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. केरळात डिसेंबर २०२४ मध्ये केरळ ब्लास्टर्स या क्लबच्या मंजप्पडा या समर्थक संघटनेने पराभवांची जबाबदारी व्यवस्थापनावर ठेवली आणि तिकिटांवर असहकार पुकारला. काही दिवसांतच व्यवस्थापनाने प्रशिक्षक मिकाएल स्टारे यांना काढले. बोट एकाकडे होते, शिक्षा दुसऱ्याला झाली.

महाराष्ट्राचा अनुभव तर याहून कडू आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड, ज्याने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, तो २०१० मध्ये मालक कंपनीच्या निर्णयाने बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. कोणत्याही प्रशिक्षकाची रणनीती यांपैकी एकालाही वाचवू शकली नसती, आणि बंद करण्याआधी गॅलरीत बसणाऱ्या एकाही माणसाला कोणी विचारले नव्हते.

नागपूर-कामठीचे फुटबॉल याहून फार लहान आहे, पण एका बाबतीत ते श्रीमंत आहे. इथे सामना संपल्यावर क्लबचा सचिव टचलाइनवरच असतो. जर्सींचे गाठोडे एका हाताला, रेफ्रींच्या मानधनाचे पाकीट खिशात, आणि भोवती सात-आठ जुने खेळाडू: उजव्या बगलेच्या पोराला का बसवले, नवे चेंडू कोणाकडून घेतले, देणगीचे पैसे किती उरले. सचिव चिडतो, पण उत्तर देतो, कारण उद्या सकाळी सरावाला त्याला याच माणसांसमोर यायचे असते.

उद्या एखादा उद्योगपती नागपूरच्या क्लबमध्ये पैसा ओतायला आला, तर मी त्याचे मनापासून स्वागत करीन. आपल्या मुलांना चांगले मैदान, फिजिओ आणि पगार मिळायलाच हवा. पण सही होण्याआधी क्लबच्या घटनेत हे लिहून घ्यावे, की नाव, रंग आणि मैदान सभासदांच्या दोन-तृतीयांश मतांशिवाय बदलणार नाही. संचालक मंडळात समर्थकांनी निवडलेल्या निदान एका माणसाला मताचा अधिकार राहील. क्लबच्या खरेदीसाठी काढलेले कर्ज क्लबवर चढणार नाही. आणि प्रशिक्षक नेमताना त्याच्याकडून काय अपेक्षित आहे ते जाहीर केले जाईल, म्हणजे त्याला काढताना त्याच कागदावर बोट ठेवून बोलता येईल. आपल्यापैकी जे इथल्या क्लबांचे सभासद आहेत त्यांनी त्यासाठी उद्योगपतीची वाट पाहू नये. येत्या वार्षिक सभेत घटनेची प्रत मागवावी, मालमत्ता आणि नावाचा अधिकार कोणाच्या नावे नोंदला आहे ते कलम मोठ्याने वाचायला लावावे, आणि ते कलम नसेल तर त्याच सभेत दुरुस्तीचा ठराव मांडावा.