कन्फर्मेशनचे पत्र टपालात कोण टाकतो?

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, सीमापार लेखापरीक्षणाचा दर्जा कशावर ठरतो, हा आजचा विषय. त्याआधी मला एका पत्राविषयी बोलायचे आहे, कारण माझ्या मते निम्मा विषय त्यातच आहे.

पार्मालात ही इटलीत पार्माजवळच्या कोलेक्कियोची दूध कंपनी. तिथल्या कायद्याने नऊ वर्षांनी लेखापरीक्षक बदलावा लागे, म्हणून १९९९ मध्ये ग्रँट थॉर्नटनची इटालियन फर्म जाऊन डेलॉइट आली. मात्र केमन बेटांवरची बॉनलात ही उपकंपनी जुन्यांकडेच राहिली. बॉनलातच्या नावे बँक ऑफ अमेरिकेत ३९५ कोटी युरो असल्याचे पुस्तके सांगत होती. बँकेला शिल्लक विचारणारे पत्र, म्हणजे कन्फर्मेशनचे पत्र, लेखापरीक्षकांनी स्वतः रवाना करायचे असते. ते गेले पार्मालातच्याच टपालातून. उत्तर बनले कंपनीच्याच कचेरीत, बँकेचे बोधचिन्ह स्कॅन करून आणि खरे वाटावे म्हणून कागद फॅक्स यंत्रातून काढून. ते पत्र बनावट असल्याचे बँकेने कळवले तेव्हा २००३ चा डिसेंबर उजाडला होता.

आपणही हसू नये. हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक खोटी निघाली, आणि प्राइस वॉटरहाऊसच्या भारतीय फर्म्सनी कन्फर्मेशनची ने-आण सत्यमच्याच व्यवस्थापनावर सोडली होती, असे अमेरिकेच्या एसईसी या शेअरबाजार नियामकाने २०११ च्या आदेशात नोंदवले. क्लायंटच्या अकाउंटंटकडे कन्फर्मेशनचा गठ्ठा सोपवणाऱ्या आर्टिकल्सनी, म्हणजे शिकाऊ सीएंनी, हात वर करावेत, असे मी म्हणणार नाही; पुढच्या रांगेत फर्म्सचे काम तपासणारे पीअर रिव्ह्यूअर बसले आहेत. २०२० मध्ये वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीचे १९० कोटी युरो फिलिपिन्समधल्या बँकांत सापडले नाहीत, तेव्हाही प्रश्न हाच होता की पैसे आहेत हे बँकेने थेट सांगितले की मधल्या विश्वस्ताने.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेला विषय आता धावतच घेतो. एका नावाखाली जगभर काम करणाऱ्या फर्म्स कायद्याने बहुधा वेगवेगळ्या असतात. नाव एक असले तरी प्रशिक्षण, शिस्त आणि दायित्व एक असतेच असे नाही. मुख्यालयाचा लेखापरीक्षक उपकंपनीच्या देशात स्वतः गेला का, तिथली भाषा जाणणारा माणूस त्याच्या चमूत होता का, प्रवास आणि तासांचा खर्च फीमध्ये धरला होता का, यांवर दर्जा बराच अवलंबून असतो. शिवाय गोपनीयतेचे कायदे आडवे येतात: चीन आणि हाँगकाँगमधल्या फर्म्सची पूर्ण तपासणी पीसीएओबी या अमेरिकेच्या लेखापरीक्षण नियामकाला २०२२ पर्यंत करता येत नव्हती.

आपल्याकडे एसए ६०० या लेखापरीक्षण मानकानुसार समूहाचा मुख्य लेखापरीक्षक उपकंपनीच्या लेखापरीक्षकाच्या कामावर विसंबून अहवाल देऊ शकतो. आंतरराष्ट्रीय मानकाने त्याच्यावर संपूर्ण समूहाची जबाबदारी टाकली आहे आणि एनएफआरए या आपल्या राष्ट्रीय नियामकाने २०२४ मध्ये त्याच वळणाचा मसुदा काढला, तेव्हा छोट्या फर्म्सची कामे मोठ्यांकडे जातील म्हणून आयसीएआय या सीएंच्या संस्थेने विरोध केला. ती भीती मला खोटी वाटत नाही; पण बॉनलातचे उत्तर कुणी वाचायला हवे होते, याचे उत्तर त्या विरोधात मला मिळालेले नाही.