लाल विंचू: घाम, गार हात आणि प्राझोसिन

जांभ्याचा गडगा, अंगणातला लाकूडफाटा, पेंढ्याची उडवी, कौलांमधली फट. कोकणातला लाल विंचू दिवसा अशा जागी दडून असतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. दिसायला भीतीदायक ती काळी, थोराड इंगळी. जिवावर बेततो तो मात्र हा लहानखुरा, तांबूस विंचू, आणि सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो.

विंचू चावलेला रुग्ण आला की आपण विचारतो, किती दुखतंय? त्याआधी विचारा, उलटी झाली का? मग हात हातात घेऊन पाहा. तळवे गार आणि अंग घामाने निथळत असेल, तर विष शरीरभर पोचलं आहे. असह्य ठणका आहे पण हातपाय कोरडे आणि उबदार आहेत, तो रुग्ण बहुधा सुखरूप असतो. गंभीर रुग्णाला दंशाच्या जागी पुष्कळदा फारसं दुखतच नाही. त्यामुळे शांत पडलेलं, घामेजलेलं मूल नजरेतून सुटतं.

या विषामुळे मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या वेळेवर बंद होत नाहीत. तंतू थांबायचं विसरतात आणि संदेश धाडत राहतात. आधी उलट्या, लाळ, घाम. मुलग्यांमध्ये शिश्नाला ताठरता. हा टप्पा लवकर सरतो. पाठोपाठ ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन या ताणाच्या संप्रेरकांचा लोंढा येतो, आणि तो तासन्‌तास टिकतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, नाडी धावते. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलून डावं हृदय थकतं आणि मागे तुंबलेलं रक्ताचं पाणी फुप्फुसांत पाझरतं. रुग्णाला धाप लागते, खोकला येतो, तोंडाशी गुलाबी फेस येतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला असे रुग्ण पाहत होते. 1982 साली त्यांनी या दंशाची धोक्याची लक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि 1986 साली तिथेच प्राझोसिनचा अनुभव लिहिला. हे औषध विषाला हात लावत नाही. रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर, म्हणजे आवळण्याचा संदेश झेलणारे ग्राहक, ते अडवतं. वाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. शरीराच्या कोणत्या प्रतिसादाने रुग्ण दगावतो हे नेमकं कळलं, म्हणून रक्तदाबाची एक जुनी, स्वस्त गोळी इथे जीव वाचवू शकली.

मात्रा: दर किलो वजनाला 30 मायक्रोग्रॅम, तोंडाने. 15 किलोच्या मुलाला 450 मायक्रोग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅमची साधारण अर्धी गोळी. गोळी साधीच हवी. सावकाश विरघळणारी एक्सएल गोळी इथे चालत नाही. तिचा परिणाम उशिरा होतो आणि ती फोडूनही देता येत नाही. पुढचा डोस 3 तासांनी, नंतर दर 6 तासांनी, हातपाय उबदार आणि कोरडे होईपर्यंत. पहिल्या डोसानंतर रक्तदाब एकदम घसरू शकतो, म्हणून मुलाला आडवंच ठेवा. आई कळवळून त्याला कडेवर घेऊ पाहते. का घ्यायचं नाही, हे तिला आधीच समजावून सांगा. नाडी, रक्तदाब आणि श्वास पहिले 3 तास दर अर्ध्या तासाने नोंदवा. नुसताच ठणका असलेल्या रुग्णाला प्राझोसिन देऊ नये. त्याला पॅरासिटामॉल किंवा दंशाच्या जागी बधिर करणारं लिग्नोकेन द्यावं आणि लक्ष ठेवावं.

चुका होतात त्या बहुतेक घाईत. गार, घामेजलेला रुग्ण शॉकमधला वाटतो आणि भराभर सलाईन सोडलं जातं. ते पाणी थेट फुप्फुसांत साठतं. उलट्या आणि घामाने गेलेलं पाणी भरून काढायलाच हवं, पण शक्यतो तोंडाने आणि छाती वारंवार तपासत. घाम पाहून तो आटवणारं ॲट्रोपिन दिलं, तर आधीच धावणारी नाडी आणखी धावते. स्टेरॉइड आणि ॲलर्जीची इंजेक्शनं इथे कामाची नाहीत. घट्ट बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडून विंचू उतरवून घेणं, या साऱ्यात हातचे तास जातात. फुप्फुसात पाणी झालंच, तर रुग्णाला बसतं करून ऑक्सिजन द्या आणि अतिदक्षता विभागात हलवा.

विंचूप्रतिविष उपलब्ध असेल, तर प्राझोसिनच्या जोडीने द्यावं. महाडच्या एका चाचणीत दोन्ही गटांत 35-35 रुग्ण होते. दोन्ही औषधं मिळालेल्यांपैकी 32 जण 10 तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर असलेल्यांपैकी 8 जण. प्रतिविष रक्तात मोकळं फिरणारं विष बांधतं. त्यामुळे ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं, आणि ते येईपर्यंत प्राझोसिनचा पहिला डोस थांबवून ठेवू नये.